ठिपक्यांचा चौथा गोटा

२ एप्रिल

ती. जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

खोका जड आहे म्हणून पोस्टमनवर चिडू नका, चिडायचं तर माझ्यावर चिडा. आत रंगांच्या छोट्या बाटल्या, तीन ब्रश आणि व्हार्निशची डबी आहे. दगड पाठवलेले नाहीत. तुमच्या घरामागच्या ओढ्याकाठी ते हवे तेवढे पडलेत, आणि ते गोळा करायच्या निमित्तानं तरी तुम्ही खिडकीतून उठाल.

आता स्पष्टच लिहिते. प्रसूतिगृहातली नोकरी संपल्यापासून तुम्ही दिवस दिवस खिडकीशी बसून असता, परवा दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी तुम्हाला पत्ता नव्हता, हे तुमच्या शेजारणीनं आम्हाला कळवलं. तेव्हापासून यांनी एकच धोशा लावलाय, वहिनींना इकडे आणायचं आणि ते घर सोडून द्यायचं. यांचं तुम्हाला माहीतच आहे. जन्मभर दुकानदारांची वजनंमापं तपासली, त्यामुळे जे काट्यावर ठेवता येत नाही ते नाहीच, असं धरून चालतात. 'वहिनी तिकडे बसून करतात काय' हेच सारखं विचारतात. शेवटी मे अखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर तुमचं मन कशात तरी रमलं तर ठीक, नाहीतर हे स्वतः येऊन सामान बांधणार आहेत. तुम्ही आलात तर मला आनंदच आहे हो, पण तुम्हाला तो होणार नाही, एवढं मला कळतं.

तर, दगडांवर प्राणी रंगवायचे. माझ्या सुट्टीच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच घेते, म्हणजे अवघड नाही. गुळगुळीत गोटे आणा. साबण लावून, ब्रशानं घासून स्वच्छ धुवा आणि रात्रभर वाळू द्या, ओल राहिली तर रंगाला फोड येतात. मग पांढऱ्या रंगाचा एक हात द्या. तो वाळला की पेन्सिलीनं आकार, मग अंगाचा रंग, मग ठिपके-पट्टे. डोळे सगळ्यात शेवटी. झालं.

तुमची,
धाकटी

१२ एप्रिल

धाकटे, आशीर्वाद.

रागावले आहे, पण खोक्यावर नाही. शेजारणीचं मी बघून घेते. दूध एकदा उतू गेलं तर एवढा गवगवा? वॉर्डात माझ्या डोळ्यांदेखत कितीदा तरी चहाचं आधण आटून पातेलं करपलंय, तेव्हा कुणी माझं सामान बांधायला आलं नव्हतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. पहिला ससा काढला. दूधवाला म्हणाला, "सिस्टर, वांगं छान जमलंय." दुसरं घुबड. ते आमच्या जुन्या मेट्रनबाईंसारखं इतकं हुबेहूब झालं की मी ते तोंड भिंतीकडे करून ठेवलंय, उगाच ड्यूटीला उशीर झाल्यासारखं वाटतं. कासवाला पाय काढले ते पाठीवरच आले. वाघाला भूक नाही, तो घाबरलाय, आणि त्याचं घाबरणं रास्त आहे.

हात थरथरतात असं समजू नकोस. या हातांनी अंधारात, कंदील धरायला माणूस नसताना बाळंतिणी सोडवल्या आहेत. त्यांना मांजराची एक मिशी धड ओढता येईना, तेव्हा काल मी ब्रश टाकून उठले. रडू आलं, उगाच कशाला लपवू. जे येत होतं ते संपलं आणि नवीन काही येत नाही, मग भाऊजींचं काय चुकलं?

गोटे आणायला मात्र रोज जाते. ओढ्याकाठचं ते मोकळं मैदान तू पाहिलंयस, नळयोजनेचे मोठाले सिमेंटचे पाइप जिथं वर्षानुवर्षं पडून आहेत. तिथं एक टिटव्यांची जोडी आहे. मी दिसले रे दिसले की डोक्यावर घिरट्या घालून नुसता कालवा करतात. मी म्हणते, ओरडा बापड्यांनो, मी तुमचं काय घेतलंय.

तुझी,
जाऊ

१८ एप्रिल

ती. जाऊबाईंना नमस्कार.

मेट्रनबाईंचं वाचून मी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली, इतकी हसले. यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे रमलेल्या नाहीत." तेव्हा जरा माझ्या बाजूनं लिहीत चला.

चूक माझीच आहे, एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही आधी प्राणी ठरवता आणि मग तो दगडावर बसवता. उलट करा. दगड हातात घेऊन नुसतं बसायचं. चहूबाजूंनी फिरवायचा, फुगवटा कुठं आहे, खळगा कुठं आहे बघायचं, आणि तू कोण आहेस ते त्यालाच विचारायचं. वर्गातली मुलं हे खरोखर मोठ्यानं विचारतात, आणि त्यांना ते कळतंही. लांबट गोट्याला ससा व्हायचं नसतं, त्याला झोपलेलं मांजर व्हायचं असतं. पाय काढूच नका, अंगाखाली मुडपून घेतलेत असं समजा.

आणि खरा प्राणी दिसला की त्याच्याकडे बघा. आपण मांजर पाहिलंय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण फक्त त्याला हाकललेलं असतं. ठिपके ब्रशानं नकोत, काडीचं मागचं टोक रंगात बुडवून टेकवा.

मुदतीचं विसरू नका. मी विसरलेली नाही.

तुमची,
धाकटी

३ मे

धाकटे, आशीर्वाद.

मांजर झालं. झालं म्हणजे काय, काल शेजारीण आली आणि "शुक" म्हणाली. मी तिला चहा दिला.

तू म्हणालीस तसं दगड घेऊन बसले. आधी वेड्यासारखं वाटलं, दार लावून घेतलं होतं. मग त्या गोट्याच्या एका अंगाला हाताचा तळवा नीट बसला आणि एकदम कळलं की हे मांजराचं कुशीवर वळलेलं अंग आहे. धाकटे, ते तिथंच होतं गं. मी फक्त त्याला कान आणि पट्टे दिले. नंतर गल्लीतल्या खऱ्या मांजरापाशी जाऊन किती वेळ उभी राहिले. त्याच्या कपाळावर रेघा आहेत, डोळ्यांच्या कडेनं काळी ओळ गेलीय, कुणी काजळ घालावं तशी. इतकी वर्षं ते माझ्या ओट्यावरून पळतंय आणि मी त्याचं तोंड आत्ता पाहिलं. मला आपलं नवल वाटतंय, की अजून काय काय पाहायचं राहिलंय.

आता बिबट्या घेतलाय. ठिपके काही केल्या जमत नाहीत. सारखे काढले की चादरीवरचं नक्षीकाम दिसतं, वेडेवाकडे काढले की देवी आलेला बैल. पुसते आणि काढते, बोटं काळीकुट्ट झाली आहेत.

म्हणून तर आजची गंमत सांगायची आहे. संध्याकाळी चष्मा न लावताच गोटे आणायला गेले होते. मैदानात एके ठिकाणी कुणा पोरानं खेळ मांडलेला दिसला. चार ठिपक्यांचे गोटे, निमुळती टोकं आत करून, अगदी नेटके ठेवलेले. असले ठिपके मी जन्मात काढू शकणार नाही. दाट, विरळ, एकमेकांत मिसळलेले, आणि तरी एकही चुकीच्या जागी नाही. पोराचा डाव मोडायला नको म्हणून एकच उचलला. पाय घासायच्या वज्रीसारखा हलका आहे. टिटव्यांनी डोक्यावर इतका धिंगाणा घातला की पदर डोक्यावर घेऊन घरी आले. तुझ्या नियमाप्रमाणे साबणानं धुतला आणि शेगडीशेजारी फडक्यात वाळत ठेवलाय. याला पांढरा हात द्यायला जीव धजत नाही, पण नमुना म्हणून समोर ठेवून बिबट्या रंगवावा म्हणते. सकाळी हे पत्र टाकते आणि बसते.

तुझी,
जाऊ

४ मे (कार्डावर)

धाकटे,
ठिपक्यांचा गोटा सकाळी हातात घेतला तर तो आतून बोलला. नीट कानाशी धरून ऐकलं, परत बोलला. मी त्याला साबणानं धुतलं गं, रात्रभर एकटा ठेवला. त्याला त्याच्या जागी पोचवायला निघाले आहे. आता तिथंच बसणार, स्वयंपाकाचं काही खरं नाही. बाकी मागाहून.
जाऊ

६ मे

ती. जाऊबाईंना नमस्कार.

कार्ड काल नेमकं यांच्या हाती पडलं. पाठीवरचा मजकूर यांनी उभ्या उभ्या वाचला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. दगडाला विचारा असं मीच लिहिलं होतं, पण तो उत्तर देईल असं कुठं म्हटलं होतं हो?

तुमचं ३ तारखेचं पत्र अजून आलेलं नाही, त्यामुळे आधीचं काही कळत नाही. पण दगड बोलतो, तो एकटा राहिला म्हणून तुम्हाला वाईट वाटतं, आणि तुम्ही उपाशी उन्हात जाऊन बसणार, एवढं वाचलं की कुणाला काय वाटेल? जाऊबाई, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. माणूस फार एकटं राहिलं की होतं असं. मीच मेली त्या दगडांच्या नादी लावलं तुम्हाला.

आता मी मुदतीचं तोंडही उघडू शकत नाही. हे रजा टाकून आज संध्याकाळच्या गाडीनं निघतायत, हे पत्र यांच्याबरोबरच देते. सोबत दोन मोठ्या रिकाम्या बॅगा आहेत. मधली खोली मी तुमच्यासाठी रिकामी केलीय, खिडकीतला पडदा काढून टाकलाय, उजेड चांगला येतो. लागणारं तेवढंच घ्या, बाकीचं नंतर बघता येईल. यांच्याशी भांडू नका. वरून कोरडे दिसतात, पण कालपासून यांना जेवण गेलेलं नाही.

तुमची,
धाकटी

७ मे, दुपार

सौ. हिला,

पोचलो. प्रवास ठीक. वहिनींची प्रकृती ठीक.

तुझं पत्र त्यांना अजून दिलेलं नाही, सवड झाली नाही. सकाळी पोचलो तर दार नुसतं लोटलेलं, घरात कोणी नाही. शेजारीण म्हणाली, "सिस्टर पाइपात आहेत." मी म्हटलं, संपलं सगळं. बॅगा घेऊन तसाच मैदानात गेलो. वहिनी खरोखरच एका मोठ्या सिमेंटच्या पाइपात बसल्या होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, माझी बाही धरून आत ओढलं आणि कानात म्हणाल्या, "भाऊजी, बसा आणि बोलू नका."

समोर आठ-दहा हातांवर एक टिटवी बसली होती, बाकी नुसती खडी. ती उठली तेव्हा तिच्या पायाखाली चार गोटे दिसले. ते गोटे नव्हेत, अंडी आहेत. वहिनींनी त्यातलं एक दगड समजून रंगवायला नेलं होतं. त्यातून पिलाचा आवाज आला तोच कार्डातला आवाज. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. माझं मात्र सकाळपासून नाही, असं म्हणायला हरकत नाही.

घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही. उन्हानं खडी तापली की टिटवी ओढ्यात जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर उभी राहते. मी स्वतः पाहिलं, एकदा नव्हे. मग एक अंडं तडकलं. टवका बाजूला झाला आणि ओलं, काळपट काहीतरी बाहेर आलं. थोड्या वेळात ते वाळलं आणि उभं राहून चालायला लागलं. कुणी शिकवलं नाही. टिटवीनं कवच चोचीत धरलं आणि पार पलीकडे नेऊन टाकलं. अशी तीन पिलं आली.

मग एक कुत्रं आलं. टिटवी एकदा ओरडली आणि तिन्ही पिलं खाली बसली. मी त्यांच्याकडेच बघत होतो, पापणीसुद्धा लवली नव्हती, आणि पिलं तिथं नव्हती. फक्त दगड. कुत्रं त्यांच्या अंगावरून गेलं म्हटलं तरी चालेल. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की डोळ्यांवर विसंबू नका, काटा बघा. आज कशाचा काटा लावू मला सांग. माझ्या अंगावर काटा आला एवढंच सांगू शकतो.

आता चौथं अंडं राहिलंय. वहिनींनी धुतलेलं तेच. त्याला भोक पडलंय, चोचीचं टोक दिसत होतं, पण मघापासून हालचाल नाही. दुसरी टिटवी तिन्ही पिलांना घेऊन ओढ्याकडे गेली आणि तिथून सारखी बोलावतेय. ही उठून गेली तर संपलं. मी म्हटलं, "वहिनी, जन्मभराचं काम हे तुमचं, एवढा टवका काढून मोकळं करा ना त्याला." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. वहिनींना मी दादा गेले तेव्हा रडताना पाहिलं, त्यानंतर आजच.

शेजारीण भाकरी घेऊन आलीय, तिच्याबरोबर हे पत्र टाकायला देतो. बॅगा उघडलेल्या नाहीत. एकीवर वहिनी बसल्या आहेत, एकीवर मी.

९ मे

धाकटे, आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊजींनी काल दिलं. वाचून आधी हसले. मग मधल्या खोलीच्या पडद्याच्या ओळीपाशी आले आणि हसू राहिलं नाही. वेडी आहेस तू, पण तुझ्यासारखी जाऊ मिळायला नशीब लागतं.

तो आवाज मला कसा कळला ते सांगते. बायकांच्या पोटाला नळी लावून ठोके ऐकण्यात माझा जन्म गेला. अंडं कानाशी धरलं तेव्हा आत कुणीतरी आहे हे कळायला मला क्षणही लागला नाही. आणि ते कळलं तेव्हा आठवलं. मी त्याला ब्रशानं घासलं होतं. वर पांढरा रंगही फासला असता.

चौथ्याचं ऐक. परवा भाऊजींनी तुला लिहिलेलं पत्र शेजारणीकडे टाकायला दिलं, त्यानंतर टिटवी उठली. ओढ्याकडून हाक येतच होती. ती चार पावलं गेली, थांबली, परत दोन पावलं गेली. भाऊजींनी माझं मनगट गच्च धरलं होतं, अजून वळ आहे. मला टवका काढता आला असता गं. पण मुदतीआधी ओढून काढलेलं टिकत नाही, अंगातलं रक्त त्या पापुद्र्यात अडकलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. आणि मी जवळ गेले असते तर ती परत आलीच नसती. मी तिला मनातल्या मनात म्हटलं, बाई, चूक माझी आहे, त्याची नाही, जाऊ नकोस.

ती वळली. येऊन अंड्यावर बसली नाही, पंख अर्धे उघडून उन्हाच्या बाजूनं उभी राहिली. नुसती सावली धरून उभी. ओढ्याकडची टिटवी ओरडून ओरडून दमली. ही हलली नाही. किती वेळ गेला ते भाऊजींनाही सांगता येणार नाही, आणि ते घड्याळ बघणारा माणूस. मग अंडं हललं. कवच मधोमध फुटलं आणि ते आलं, चहाच्या चोथ्यासारखं, ओलं, मान टाकून पडलेलं. मग त्यानं मान उचलली.

माझा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. जन्माची वेळ लिहायची सवय. आणि तेव्हा मला कळलं धाकटे, की लिहायला काही नाही, नाळ कापायची नाही, वजन करायचं नाही, आईला काही होतंय का ते बघायचं नाही. इतक्या जणांना मी या जगात आणलं, पण नुसतं पाहिलं असं एकालाही नाही. नेहमी हातात काम होतं. परवा पहिल्यांदा माझे हात रिकामे होते आणि कुणीतरी जगात येत होतं.

ते वाळून उभं राहिलं तेव्हा त्याच्या पाठीवरचे ठिपके मी पाहिले. बिबट्याचे ठिपके पुसून पुसून बोटं काळी केली होती म्हणून मला समजलं, नाहीतर मी म्हटलं असतं, एक पिल्लू. काळ्याची बदामीत मिसळलेली कड, मानेवरचा पांढरा पट्टा, सगळं तयार, कवचाच्या आत, अंधारात, कुणी बघत नसताना. मी पाइपात बसून हात जोडले. भाऊजी चष्मा काढून पुसत होते आणि पुसतच राहिले.

काल त्यांना गाडीवर सोडायला गेले. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला न्यायला आलो होतो."

मी म्हटलं, "मग न्या. आलाच आहात तर."

ते बॅगांकडे बघत राहिले. म्हणाले, "इथं हे असं चाललेलं असताना तुम्हाला तिकडे नेऊन मी दाखवू काय?"

गाडी आली, आणि रिकाम्या बॅगा घेऊन ते चढले.

तुझी,
जाऊ